फ्लेक्सला पडलेलं भोक

— न्हाय न्हाय मॅडम, ते फॉर्मवरच्या सहीचं मागनं बोलू, तुमी आधी वर बघा. तिकडं न्हवं, दिव्याच्या खांबाकडं. दिसला काय फ्लेक्स? आता सांगा — माझा फोटू दिसतोय, आमच्या मंडळाच्या पोरांची बत्तीस तोंडं दिसत्यात, आन मधी, पोरीच्या जागी काय हाय? भोक! पलीकडच्या बँकेची पाटी दिसतीया त्यातनं. परवा सकाळी म्हशी घिऊन ह्या दुधाच्या कट्ट्यावर आलो, सवयीनं वर बघितलं, तर हे असं! मी काय म्हणतो, फाडायचा तर सगळा फाडा की! काळं फासा, दगड मारा, आमी काय न्हाय म्हणतोय? कोल्हापुरात फ्लेक्स फाडणं काय नवीन हाय व्हय? पण ह्यो फाडलेला न्हाय, कापलाय. निस्ती पोरगी तेवढी काढून न्हेलीया. तुमी तिच्या कॉलेजातनं आलाय, पोरांच्या मनातलं वळखायचं शिकून आलाय म्हणं — मग सांगा, कुणाचं काम असंल? बस्सा, हितं बाकावर बस्सा. वो पावणं, मॅडमना जरा सरकून जागा द्या. ग्लास हातात असू द्या, ह्या म्हशीनं, बिजलीनं, अजून पान्हा सोडला न्हाय. सोडला की तुमच्या डोळ्यादेखत धार काढतो, फेसासकट पयला ग्लास तुमचा.

माझा संशय उदयसिंहावर हाय. पलीकडच्या मंडळाचा वो, त्यो मिशीवाला. ह्या खांबावर आधी त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असायचा. मी पोरीचा लावला आन त्याची जागा गेली. परवाच त्याच्या दारात जाऊन आलो मी — बोंबलून आलो, सगळी गल्ली गोळा झालती. त्याची म्हातारी आई बाहीर आली, म्हणली, लेकराच्या तोंडाला कोण ब्लेड लावतंय व्हय रं सोमशेखर? मी म्हणलो, तुमच्या लेकाला इचारा. त्यो खाली मान घालून गप बसला. गप बसला म्हणजे काय समजायचं माणसानं?

काय? फ्लेक्सवर काय लिवलंय? वाचा की. ‘कु. सौंदर्या सोमशेखर गवळी, दहावीत चौऱ्याण्णव टक्के, हार्दिक अभिनंदन.’ खाली लाल अक्षरात ‘भावी डॉक्टर’. आन सगळ्यात खाली ‘शुभेच्छुक — सोमशेखर चन्नाप्पा गवळी’. माझा फोटू तिच्यापेक्षा मोठा आलाय, ते छापणाऱ्यानं केलं. — बरं, मीच सांगितलतं. मोठा कर म्हणलो. त्यात काय? बापाचा फोटू मोठा नगं? मी सातवीतनं शाळा सोडली मॅडम. सोडली न्हाय, आमच्या बापानं म्हशीच्या शेपटाला बांधला मला. तवापास्नं हितं रोज सांजच्याला डॉक्टर येत्यात, वकील येत्यात, गाडीतनंच हात बाहीर काढून ग्लास मागत्यात — ए गवळी, एक दे. कधी कुणी नाव इचारलं न्हाय. आता त्या गाडीतनं मान वर करून वाचत्यात. एक डॉक्टर तर खाली उतरला, म्हणला, तुमची पोरगी का? तुमची! त्यो माणूस मला आयुष्यात पयल्यांदा ‘तुमची’ म्हणला.

तिला इचारून लिवलं काय ते? कशाला इचारायचं? खरं सांगू — छापणारा म्हणला, शेठ, खाली एवढी जागा शिल्लक ऱ्हातीया, मोकळी बरी दिसत न्हाय, काय टाकू? मी म्हणलो, टाक ‘भावी डॉक्टर’. झालं. तिला काय व्हायचं हुतं हे मला — चित्रं काढायची ती. काढायची म्हणजे काय, ल्हान हुती तवा. सगळीच पोरं काढत्यात.

आन ह्यो तुमी कॉलेजातनं घरी धाडलेला कागद. वाचला मी, दोनदा वाचला. ‘किशोरवयीन मुलांमधील ताण : पालकांनी ओळखावयाच्या खुणा.’ झोप न लागणे. — लागत न्हाय, बरोबर. भूक मंदावणे. — अर्धी भाकरी सुद्धा संपत न्हाय. वारंवार पोट दुखणे — त्याची तर सोनोग्राफी करून आलो, काय निघालं न्हाय. एकटे राहणे, चिडचिड, नजरेला नजर न देणे... समदं हाय की! पण मॅडम, आमच्या वेळंला ह्याला ताण म्हणत न्हवती, आळस म्हणत हुती, आन त्याला औषध एकच हुतं. आन ही खालची ओळ — ‘दररोज थोडा वेळ मुलांचे म्हणणे ऐका, सल्ला न देता.’ सल्ला न देता! मग बापानं करायचं काय? निस्ता कान घिऊन बसायचं?

ए! कुणाचा मोबाईल वाजतोय? बंद करा त्यो! आवो, दूध पायजे की न्हाय तुमाला? म्हस बिचकली की पान्हा चोरती, मग हिसडं मारून बी एक थेंब देत न्हाय. हितं वरडून चालत न्हाय, घाई करून चालत न्हाय. अंगावरनं हात फिरवायचा, नावानं हाक मारायची, आन वाट बघायची. हे मला माझ्या बापानं — का हसला वो मॅडम? न्हाय, हसला तुमी. कळतंय मला काय म्हणायचंय तुमाला. म्हशीची आन पोरीची बरोबरी करू नगासा. म्हशीला काय परीक्षा असती काय?

अठरा दिवस ती कॉलेजात आली न्हाय, हे सांगायला आलाय न्हवं तुमी? मला म्हाईत हाय. व्हय, म्हाईत हाय. गेल्या आठवड्यात दुपारचं गोठ्यात गेलतो, पेंडीचं पोतं आणायला, तर ही बिजलीच्या पलीकडं, भिंतीला टेकून बसलेली, दप्तर मांडीवर. सकाळी डबा घिऊन कॉलेजला गेलेली पोरगी! म्हणलो, हितं काय करतीयास? तर म्हणती, अप्पा, क्लासच्या टेस्टमदी माझं नाव खालनं तिसरं लागलंय, फळ्यावर यादी लावत्यात, आन जाताना चौकात वर ते ‘भावी डॉक्टर’ लिवलेलं. मला चौकातनं जाववत न्हाय. अशी म्हणली. चौकातनं जाववत न्हाय! म्हणून ती मागच्या गल्लीतनं, देवळाला वळसा घालून जायची म्हणं, पाच मिंटाच्या वाटंला अर्धा तास. आन मग जायचीच बंद झाली.

मी काय केलं? काय करणार, सांजच्याला आणली हातास धरून हितं. कट्ट्यावर. म्हणलो, वाच वर काय लिवलंय, मोठ्यानं वाच. ती वाचंना. मग — गिऱ्हाइकं हुती वो. सांजचं टायम, भरलेला कट्टा. डोस्कं फिरलं. एक दिली तिला. एकच. जोरात न्हाय... जोरात दिली. ती रडली बी न्हाय मॅडम. निस्तं वर बघत हुती, फ्लेक्सकडं. तवापास्नं नऊ दिवस झालं, बोलली न्हाय माझ्याशी. आईशी बोलती, आज्जीशी बोलती, मी आत आलो की गप. घरात ‘अप्पा’ म्हणून हाक आली न्हाय नऊ दिवस, तुमाला काय म्हाईत कसं वाटतंय ते.

मागितलं न्हाय असं न्हाय तिनं. जूनमदी म्हणलती, अप्पा, तेवढा फ्लेक्स काढा. गणपतीत म्हणलती. मी म्हणलो, लोकं काय म्हणतील, सोमशेखरची पोरगी नापास झाली म्हणतील. मधी एकदा महापालिकेची माणसं आलती, चौकातलं सगळंच उतरवून न्हेलं त्यांनी. त्या सांजंला पोरगी दोन भाकऱ्या जेवली. हसत हुती, आज्जीच्या मांडीवर डोस्कं ठिवून टीव्ही बघत हुती. मी दुसऱ्या दिवशी नवा छापून आणला, शिडी लावून हातानं बांधला. आता त्या भाकऱ्यांचा आन फ्लेक्सचा काय संबंध? — का बघताय अशा? काय संबंध हाय ते सांगा की!

सोडा. आता दिवाळी आली तोंडावर. पाडव्याला आमा गवळ्यांचा मोठा मान असतोय मॅडम, म्हशी सजवून रस्त्यावर आणायच्या, शिंगं रंगवायची, अंगावरचे केस भादरून नक्षी कोरायची. बिजलीवर दरसाल मोर असतोय. ते काम सौंदर्याचं. नववीपास्नं तिच्याच हातात वस्तरा, दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाय. आन हात कसला! म्हस हालली तरी रेघ हालत न्हाय. पिसाचा एकेक डोळा न्यारा काढती, मान अशी वळवून, आन कडंला एक केस इकडचा तिकडं न्हाय. त्या उदयसिंहाचं काय सांगता, त्याला दाढी धड करता येत न्हाय. ते भोक बघा की तुमी, हितनं बी दिसतंय — कपाळावरनं आलंय, कानाच्या डुलाला वळसा घातलाय, मग वेणी, वेणीचं एकेक पेड धरून खाली उतरलंय, कुठं चिरलं न्हाय, कुठं फाटलं न्हाय. असा हात अख्ख्या कोल्हापुरात —

...

न्हाय. काय न्हाय. बिजली हालली जरा.

वस्तरा खुंटीवर न्हवता परवा. मी म्हणलो, आईनं धार लावायला दिला असंल.

मॅडम, पर्समदनं काय काढताय? कागद बास झालं की. — ते कागद न्हवं... फ्लेक्सचा तुकडा हाय ह्यो. चार घड्या घातल्यात. बघू. द्या हिकडं, हात वल्ला हाय, तुमीच उलगडा. ...डुल बी आलाय. आज्जीनं केलेला डुल हाय त्यो.

तिनं दिला? स्वतःहून? तुमच्याकडं आलती? कवा? ...माझ्याकडं आली न्हाय. तुमाला वळखत बी नसंल धड, आन तुमच्याकडं आली.

थांबा. पंधरा फूट हाय ते. शेजारनं लायटीची तार गेलीया. मी गडी माणूस, शिडी लावून चढलो तरी खाली शिडी धरायला दोन पोरं उभी केलती. ती एकटी चढली? पहाटंचं, मी धारा काढत असताना? एका हातात वस्तरा, आन दुसऱ्या हातानं — पडली असती तर? मॅडम, पडली असती तर? मी हितं आलो असतो आन वर बघितलं असतं, खाली बघायच्या आधी वर बघितलं असतं मी!

काय म्हणली ती? सांगा. ...‘मला त्या फ्लेक्सवरनं खाली उतरायचं हुतं.’ एवढंच? आन काय? — ऱ्हाऊ द्या. पुढचं तुमच्या तोंडानं नगं. मला सांगंल ती. न्हाय सांगितलं तर बसतो की गोठ्यात, बिजलीच्या पलीकडं, सल्ला न देता. कवाधरनं माणसांच्या पुढं बसलोय, म्हशीच्या बी. लेकीच्या पुढंच तेवढा बसलो न्हाय.

तुमच्या त्या फॉर्मवर सही पायजे न्हवं? द्या. डॉक्टरला दाखवा, बोलतं करा, काय करायचं ते करा. गल्ली काय म्हणंल ते मी बघतो. आन उदयसिंहाच्या म्हातारीच्या पाया पडून येतो आधी, बिचारी खरंच बोलली हुती. फ्लेक्सची दोरी मीच बांधलीया, मीच सोडतो.

न्हाय, त्यो तुकडा मला नगं. तिचा हाय, तिलाच द्या. तुमी निघा मॅडम, अंधार पडायच्या आत घर गाठा.

वो पावणं, कशाची वाट बघताय? ग्लास ठेवा खाली. बिजलीनं पान्हा सोडला न्हाय, मला बी शिडी आणाय जायचंय. आज कट्टा बंद. जावा म्हणतोय न्हवं — जावा की!