वरच्या हद्दीतला गाडा

पटकीचं नाव निघालंच आहे, तर आमच्या गावच्या शहाण्या माणसांचं सांगतो. त्यांचा पुढारी माझा बाप.

त्या साली कापसाला सोन्याचा भाव होता. अकोल्याला कापूस टाकून गाड्या परतल्या आणि गाडीवाल्यांना हगवण-ओकारी लागली. तिघे मेले. म्हाताऱ्यांनी ठरवलं, मरीमायचा गाडा काढायचा. देवीची लाकडी मूर्ती, लिंबाचा पाला आणि मेलेल्यांच्या घाणीनं भरलेल्या गोधड्या दुसऱ्या गावाच्या हद्दीत नेऊन टाकायच्या, म्हणजे रोग तिकडे जातो.

खालच्या गावात आमचे सोयरे. म्हणून बाप म्हणाला, "वरच्या हद्दीत, नाल्याच्या काठी टाका."

मी म्हणालो, "बाबा, तो नाला आपल्याच गावात येते. गोदी तिथूनच पाणी भरते." गोदी माझी धाकटी बहीण.

"अमरावतीची शाळा अर्धी सोडून आला न तू? मंग आमाले कावून शिकवून राहिला?"

सगळे हसले. गाडा वाजतगाजत गेला. अर्ध्या गोधड्या पाण्यात भिजत पडल्या.

चौथ्या दिवशी गोदीला ओकाऱ्या लागल्या आणि संध्याकाळी ती गेली. बाप ओसरीवर बसून म्हणाला, "वरच्या गावानं मरीमायले वापस धाडलं."

लगेच दुसरा गाडा निघाला. त्यावर गोदीची गोधडी होती. मी बैलांपुढे उभा राहिलो, तर चौघांनी धरून बाजूला केलं. बाप गाडीवाल्याला समजावत होता, "मांगच्या खेपेले काठावर टाकलं, तिथंच चुकलं. आता पाण्याच्या मधात टाकजा, म्हणजे वाहून जाईन."