दोनशे सतरा नंबरचा अर्ज

विषय : लालबागच्या आमच्या चाळीला इंटरनेटचे आकडी पत्ते मिळणेबाबत. अर्ज मीच लिहिला.

चाळीत इंटरनेट देणारा सदा म्हणाला, "काका, सलग चौसष्ट मागा. मग जगाला एकच ओळ सांगायची, हे सगळे लालबागला. पुढची खोली आपण शोधू."

मी थक्क झालो. मी जन्मभर कचेरीत कारकुनी करत माणसागणिक फाइल उघडली, आणि इथे अख्ख्या जगाचं एका ओळीत भागतं!

इतक्यात शेजारचे परब म्हणाले, "माका दोनशे सतरा व्हयो. गिरणीतलो माझो बिल्ला नंबर."

"परबकाका, तो चौसष्टांत नसेल तर दुसऱ्याला जाईल."

"संपात तो नंबर एकदा गेलो. आता सोडूचंय नाय."

सदाने अर्ज फाडला. आम्ही सलग दोनशे छप्पन्न मागितले; पत्त्याचा शेवटचा आकडा शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत जातो, त्यात दोनशे सतरा येतोच.

पत्ते देणाऱ्या कचेरीतून "एवढे कशाला?" अशी विचारणा आली. मी खरं कारण लिहिलं. अर्ज प्रलंबित आहे.