मोजणीच्या रात्री आजोबा कुठे होते

दफ्तरखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक वृद्धा बसली होती. तिचा भाचा आतून धावतच आला. पुढील संवाद त्या दोघांचा.

"आत्या, सापडले!"

"हळू बोल. घरच्या जनगणनेत तर आजोबांपुढे 'बेपत्ता' लिहिलंय ना?"

"आपण त्यांना घरात शोधत बसलो, तीच चूक. खलाशी माणूस, जनगणनेच्या रात्री समुद्रावर. त्याची गणती जहाजावरच व्हायची."

"म्हणजे पळून गेले नव्हते?"

"कसले पळतात! जहाजाच्या खलाशी-यादीत नाव आहे, सुकाणूवर होते. वय, गाव, कपाळावरची खूण, सगळं जुळतं. आणि 'बरंवाईट झाल्यास कोणाला कळवावे' यापुढे पणजीचं नाव आहे."

"आजीचं?"

"पूर्ण नाव, पत्त्यासकट."

"सासरी जन्मभर 'पळपुट्याची नात' म्हणून ऐकलं रे मी. नक्कल मिळेल?"

"शिक्क्यासकट."

"मोठ्या अक्षरांत काढ. नणंदबाईंना हल्ली कमी दिसतं."

"त्या अजून आहेत?"

"ठणठणीत आहेत. त्यांचं दीर्घायुष्य मी रोज उगाच नाही मागत देवाकडे!"