अण्णा काय काम करायचे

मंडळी, तुम्ही आलात. खुर्च्या दीड दीड मीटरवर ठेवल्यात, तोंडावर मास्क आहेत, आत सोडताना यादीवर नावं तपासली गेली. आपल्याकडे अशा वेळी जवळ येऊन पाठीवर हात ठेवतात. तेही आज कुणाला करता येत नाहीये. तरी कुणी मास्ट्रिख्टहून आलंय, कुणी पार बाडहूव्हडॉर्पहून आलंय. स्वातीच्या आणि माझ्या वतीने मी तुम्हाला नमस्कार करतो.

मला बोलायची सवय आहे असं तुम्हाला वाटत असेल. ऑफिसात स्लाइड समोर असल्या की मी तासभर थांबत नाही. आज समोर स्लाइड नाही. मला जे सांगायचंय ते सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही, एवढं मात्र ठरवून आलोय.

अण्णा, म्हणजे स्वातीचे वडील, तीन आठवड्यांपूर्वी पुण्यात कोविडने गेले. आम्हाला जाता आलं नाही. माझा मेहुणा एकटा होता आणि त्यालाही लांबूनच बघायला मिळालं. तुमच्यापैकी बहुतेकजण अण्णांना ओळखता. गेल्या वर्षी ते दोन महिन्यांसाठी लेकीकडे आले, विमानं बंद झाली आणि सहा महिने इथे आइंडहोवनला अडकले. तुम्ही त्यांना सिव्हिल इंजिनिअर म्हणून ओळखता.

मंडळी, अण्णा इंजिनिअर नव्हते. अण्णा फरशी बसवायचे. चाळीस वर्षं, गुडघ्यावर बसून, पुण्यातल्या लोकांच्या घरात. इंजिनिअर त्यांना मी केलं.

कसं केलं तेही सांगतो. आम्ही इथे नवे होतो. एका दिवाळीच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारलं, सासरे काय करतात? मी म्हटलं, कन्स्ट्रक्शनमध्ये आहेत. बिल्डर का? नाही, सिव्हिल. अच्छा, सिव्हिल इंजिनिअर? मी मान हलवली. एवढंच. फक्त मान हलवली. स्वाती शेजारी उभी होती. माझ्यासाठी आणलेली पोह्यांची प्लेट तिने पलीकडच्या काकूंना दिली आणि निघून गेली. नंतर मला कधी खोटं बोलावंच लागलं नाही. ते आपलं आपण पसरत गेलं.

आता तुम्ही म्हणाल, हे सांगायला शोकसभा कशाला? सांगतो. त्यासाठी मला गोल्फबद्दल बोलावं लागेल. हसलात तरी चालेल, अण्णाही हसायचे.

माझा बॉस मार्टेन गोल्फ खेळतो, म्हणून मी गोल्फ शिकलो. लांबचा फटका मला बरा जमतो. पण बॉल ग्रीनवर आला, म्हणजे होलभोवतीच्या त्या बारीक कापलेल्या गवतावर आला, की माझं काहीतरी बिघडायचं. तिथे नुसतं हळूच ढकलायचं असतं. पटिंग म्हणतात. लहान मूलही करेल असं काम. आणि मी चार चार वेळा ढकलायचो. एकदा डावीकडून गेला, एकदा उजवीकडून गेला, एकदा होलच्या तोंडाशी जाऊन माझ्याकडे बघत थांबला. मी तीन पटर, म्हणजे त्या ढकलायच्या काठ्या, विकत घेतले. हॉलमध्ये हिरवी मॅट टाकली. फोनमध्ये ॲप घेतलं. ते मनगटाचा कोन सांगायचं. मी ज्या मशीनवर काम करतो तिथे आम्ही नॅनोमीटरच्या गोष्टी करतो, आणि मला एक मीटरवरून बॉल घालता येत नव्हता. मार्टेन नुसता ढगांकडे बघायचा.

लॉकडाऊननंतर गोल्फची मैदानं उघडली ती मे महिन्यात. क्लबहाऊस बंद, कॉफी बंद, झेंड्याला हात लावायचा नाही. बॉल काढताना हात आत घालायला लागू नये म्हणून होलमध्ये प्लॅस्टिकची चकती बसवलेली. अण्णा घरात कंटाळले होते. रोज गल्लीत फिरायचे, खाली मान घालून. स्वातीला वाटायचं, उदास झालेत. ते फुटपाथच्या विटा बघत असायचे. गेमेंटेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, माणसं वाळूवर विटा बसवत होती तिथे एकदा दीड तास उभे राहिले आणि घरी येऊन म्हणाले, "सिमेंट नाही हो, निखिलराव. नुसती वाळू. आणि हलत नाही." म्हणून मी म्हटलं, चला अण्णा, मोकळ्या हवेत. सरावाच्या ग्रीनवर मी एकटाच असतो, तुम्ही बाजूला बसा.

ते बसले नाहीत. ग्रीनच्या काठाशी आले आणि त्यांनी बूट काढले. मोजेही काढले. नेदरलँड्समधला मे महिना, गवत ओलं. मी म्हटलं, अण्णा, इथे बूट काढत नाहीत, सगळे बूट घालूनच जातात. ते म्हणाले, "कुणीतरी बसवलंय ना हे? दुसऱ्याच्या कामावर पायताण घालून कसं जायचं?"

मंडळी, मी चार वर्षं त्या गवतावर खेळत होतो. हे कुणी केलेलं काम आहे, असं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

मग ते अनवाणी फिरले. हळू, पाऊल पूर्ण टेकवत. होलला एक फेरी मारली आणि पलीकडे जाऊन उकिडवे बसले. मला म्हणाले, "तुम्ही उभ्याने बघता आणि वरच्या अंगाने बघता. मोरीचा ढाळ दारातून दिसत नाही, निखिलराव. मोरीत खाली बसलं की दिसतो. या इकडे, खालच्या बाजूला." मी गेलो. बसलो. माझे गुडघे वाजले, त्यांचे नाही वाजले. ते म्हणाले, "आता इथे बादलीभर पाणी ओतलंय असं समजा. कुठे जाईल?" मला काही दिसेना. त्यांनी बोट केलं. "त्या तळ्याकडे ओढ आहे सगळी. तुम्ही बॉल भोकाकडे सोडता, तो तळ्याकडे जातो. त्यात त्याची काय चूक? इकडे सोडा." आणि त्यांनी होलच्या डावीकडे दोन वितींवर एक जागा दाखवली. तिथे काहीच नव्हतं.

मी काहीच नसलेल्या जागेवर बॉल सोडला. तो निघाला, सरळ गेला, मग वळायला लागला, आणि कुणी बोलावल्यासारखा आत गेला. चकतीवर टक् आवाज आला.

मला वाटलं, नशीब. मी दुसऱ्या जागी गेलो. त्यांनी परत बोट केलं. टक्. तिसऱ्या जागी. टक्. सहा ठिकाणांहून मी पाच घातले आणि जो गेला नाही तो माझ्या हातून जोरात सुटला होता. माझ्या अंगावर काटा आला. आत्ता सांगतानाही येतोय. या माणसाला खेळाचे नियम माहीत नव्हते. बॉलला किती ठिपके आहेत ते माहीत नव्हतं. पाऊण इंचाचा उतार त्यांच्या तळपायाला कळत होता, आणि मी मनगटाचा कोन सांगणाऱ्या ॲपला दरमहा पैसे भरत होतो.

त्यानंतर आम्ही रोज जायला लागलो. घरी त्यांनी दोन कॉफीच्या मगांना दोरी बांधून हॉलभर ताणली आणि मला तिच्याखालून बॉल सोडायला लावला. बॉल दोरीच्या बाहेर दिसला की नुसतं "हं" म्हणायचे. वेगाबद्दल एकदा म्हणाले, "पाणी घाईत असलं की ढाळाला विचारत नाही. रेंगाळलं की प्रत्येक खड्ड्याला विचारतं. आधी किती जोर ते ठरवा, मग कुठे ते ठरवा." आणि मी मारल्याबरोबर मान वर करायचो, ती त्यांनी मोडली. फरशी बसली की ठोकून बघतात, खाली पोकळ आहे का ते आवाजावरून कळतं. म्हणाले, "बघू नका. ऐका. आवाज येईल." दोन महिन्यांत माझे चाराचे दोन झाले. मार्टेनने विचारलं, कोच कोण लावलास? मी हसलो. नाव नाही सांगितलं.

आता जे सांगायचंय ते इथून पुढे आहे.

जुलैमधला एक शनिवार. त्या दिवशी मार्टेनही आला होता. अण्णा नेहमीप्रमाणे बूट काढून ग्रीनच्या काठावर उकिडवे बसले होते. तेवढ्यात तिथलं गवत राखणारा माणूस, याप, मशीन घेऊन आला. साठीचा, उन्हाने लाल झालेला, फारसं न बोलणारा. त्याने अनवाणी अण्णांकडे बघितलं. मला वाटलं आता हा ओरडणार. त्याने मशीन बंद केलं आणि दोन मीटरवर तोही उकिडवा बसला.

यापला मराठी येत नाही, अण्णांना डच येत नव्हतं. अण्णांनी हाताचा तळवा आडवा धरला आणि किंचित कलता केला. यापने मान हलवली, आपला तळवा धरला आणि थोडा जास्त कलता केला, मग एका कोपऱ्याकडे बोट केलं. अण्णा उठले, त्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले, टाच दाबली आणि तिथून हसले. तिथे जमीन खचली होती, म्हणजे इतकी थोडी की ती फक्त यापलाच माहीत होती. दहा मिनिटं ते दोघे नुसत्या हातांनी बोलत होते. मी आणि मार्टेन काठ्या धरून उभे. मी इतकं काही सुंदर फार कमी वेळा बघितलंय, मंडळी.

जाताना याप माझ्याजवळ आला आणि डचमध्ये म्हणाला, तुझे वडील व्हाकमन आहेत. व्हाकमन म्हणजे ज्याच्या हातात कसब आहे असा माणूस. इथे हा शब्द कुणी उगाच वापरत नाही. अण्णांनी मला विचारलं, "काय म्हणाला हो तो?"

मार्टेन शेजारी उभा होता. आणि मी म्हटलं, "काही नाही अण्णा. छान हवा आहे म्हणाला."

मग मार्टेनने त्यांना इंग्रजीत विचारलं, तुम्ही इंजिनिअर होतात ना, काय काय बांधलंत? पूल, धरणं? अण्णांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग त्याला म्हणाले, "स्मॉल वर्क, सर. इनसाइड हाऊस." मार्टेनला वाटलं, किती विनयशील माणूस.

गाडीत अर्ध्या रस्त्यात तेच बोलले. "निखिलराव, मी खोटं बोललो नाही आणि तुम्हाला उघडंही पाडलं नाही. तुम्हाला चारचौघांत मला मोठं करावंसं वाटलं, त्याचं काही नाही. फक्त एक सांगतो. माझ्या हाताखाली दोन इंजिनिअर काम शिकून गेले. चांगली मुलं होती. पण त्यांना ढाळ काढता यायचा नाही." आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मी म्हटलं, अण्णा, मी सगळ्यांना सांगतो. ते म्हणाले, "सवडीने सांगा."

मी सवड काढली नाही. ऑगस्टमध्ये विशेष विमानाने ते परत गेले. दर रविवारी फोनवर विचारायचे, पटिंग कसं चाललंय? मी सांगायचो, छान. त्यांनी दुसरं काही कधी विचारलं नाही. त्यांना आठवण होती की नव्हती? होती, मंडळी. त्या माणसाला टाचेखालचा खड्डा कळायचा, मी टाळतोय ते कळत नसेल?

परवा मी यापला भेटायला गेलो. अण्णा गेले म्हणून सांगितलं. त्याने टोपी काढली. मग मी मार्टेनला फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे तुझा कोच ते होते. हो म्हटलं. तो तिथे मागच्या रांगेत बसलाय. त्याला मी काय बोलतोय ते शब्दाने कळत नसेल, पण विषय माहीत आहे.

स्वाती, काल तू मला म्हणालीस, बोल किंवा बोलू नकोस, पण अर्धवट बोलू नकोस. तुझ्या वडिलांची मला लाज वाटत होती. हे मी तुझ्यासमोर, सगळ्यांसमोर बोलतोय. ज्या हातांमुळे तू शिकलीस, त्या हातांचं काम मी नऊ वर्षं लपवलं. तुला माफ करायचं असेल तर कर, घाई नाही.

आता हे माझ्यामागे टेबलावर आहे ते बघा. अण्णांचा फोटो. खाली नाव, आणि नावाखाली, 'निवृत्त सिव्हिल इंजिनिअर'. आमच्या मित्राने, विनयने, हे सगळं मनापासून करून आणलंय, त्याची काही चूक नाही, मीच वर्षानुवर्षं त्याचा तसा समज राहू दिलाय. काल रात्री मी ते बदलून आणू शकलो असतो. मुद्दाम नाही आणलं. मला ते तुमच्यासमोर बदलायचं होतं.

माझ्या खिशात मार्कर आहे. मी ती ओळ खोडणार आहे आणि खाली लिहिणार आहे, 'फरशीचे मिस्त्री'. माझं अक्षर वाईट आहे, त्यामुळे थोडा वेळ लागेल. आपण दोन मिनिटं उभे राहतो ना, ती दोन मिनिटं आज घड्याळात बघू नका. ज्यांना जमेल त्यांनी उभं राहा. मी लिहून होईपर्यंत.