एकोणिसावं उड्डाण

लेक : विषय बदलू नका, बाबा. चार वाजता तळावरची गाडी मला न्यायला येईल. परवा माझं लढाईतलं पहिलं उड्डाण. तुम्हाला भीती वाटायची की नाही, एवढंच सांगा.

बाबा : भित्र्याला शौर्यपदक देतात होय?

लेक : हे भाषणात ऐकलंय. दर वर्षी ऐकते.

बाबा : ...वाटायची. पहिल्यांदा नाही, तेव्हा अक्कलच नव्हती. आठव्या उड्डाणापासून बूट चढवताना उलटी व्हायची. आमचा मेकॅनिक बादली घेऊन उभाच असायचा. वर म्हणायचा, "बरं झालं साहेब, विमानाचं ओझं कमी केलंत!"

लेक : आणि एकोणिसावं? पुलावरचं?

बाबा : पूल उडवला. वळताना उजव्या पंखाला गोळा लागला, इंजिन पेटलं. जोडीदाराचं विमान शेजारीच होतं. तो रेडिओवर ओरडत होता, "उडी मार! अरे, उडी मार!"

लेक : पण तुम्ही विमान वाचवायचं ठरवलंत.

बाबा : ठरवतोय कोण! उडी मारायचा खटका वीतभर अंतरावर होता, पण स्टिकवरची बोटं सुटेचनात. अंगाचं लाकूड झालं होतं. तीस मैल रडत आलो. खाली उतरल्यावर मेकॅनिकने एकेक बोट उकललं.

लेक : मानपत्रात तर लिहिलंय, 'अखेरपर्यंत विमान सोडलं नाही.'

बाबा : मग, खोटं कुठंय?

लेक : आईला माहितीये?

बाबा : इतकी वर्षं माझ्या झोपेतल्या किंकाळ्या ऐकतेय ती. तिला काय सांगायचं?

लेक : आणि जोडीदार? त्यांचं नाव तुम्ही कधी काढत नाही.

बाबा : तिसऱ्याच दिवशी त्याचं विमान पेटलं. आता ओरडणारा मी होतो. तो म्हणाला, "तू आणलंस ना? मग मीही आणतो."

लेक : बाबा...

बाबा : आदल्या रात्री सगळे माझी पाठ थोपटत होते. तेव्हाच खरं बोललो असतो, तर त्याने उडी मारली असती. लाज वाटली गं. नुसता हसलो.

लेक : आणि आज का सांगताय?

बाबा : कारण तूही मला वाघ समजतेस. रेडिओवर कुणी 'मार उडी' म्हणालं, तर माझी आठवणसुद्धा काढायची नाही. मारायची. शब्द दे.

लेक : दिला.

(बाहेर गाडीचा हॉर्न वाजतो.)

लेक : निघू?

बाबा : ड्रायव्हरला म्हणावं, आत ये, चहा घे. आणि घाई नको म्हणावं, फार गरम आहे.