मंडळीत दिसणारे

डोळ्यांच्या दवाखान्यात, औषधांच्या खिडकीसमोरच्या बाकावर, माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबा म्हणत होते,

"डॉक्टरांनी सांगितलं ना, काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. मी आता रविवारी चर्चला येणार नाही."

"का बरं?"

"गेल्या खेपेला बायबलमधला शास्त्रपाठ वाचताना दोन ओळी गाळल्या. सगळी हसली."

"हसली ती तुमच्या उलट्या चष्म्याला."

"तू जात जा. चर्चची खरी मंडळी, म्हणजे देवाची माणसं, अदृश्यच असते. तिच्यात कोण आहे ते एका देवालाच ठाऊक. मी घरी बसलो तरी तिच्यातच."

"मग तुमचं फावलंच की! आता दिसणारी मंडळीही तुम्हाला अदृश्य."

"थट्टा नको गं."

"अहो, धाकटीच्या वेळी मी महिनाभर अंथरुणाला खिळले होते, तेव्हा रोज डबा कोणी आणला? त्या मंडळीला हातपाय होते. एकीचा तर पाय प्लास्टरमध्ये होता, तरी जिना चढून आली."

"ते वेगळं."

"वेगळं कसं? तुम्हाला ती माणसं दिसणार नाहीत, कबूल. पण त्यांना तुम्ही दिसायला नको का?"

आजोबांनी चष्मा काढून पुसला.

"आणि चर्चमध्ये पाळकांनी वाचायला सांगितलं तर?"

"मी कानात सांगेन, तुम्ही मोठ्यानं म्हणा."

"लोकांना कळेल."

"कळू दे. पन्नास वर्षं तुम्ही माझंच ऐकून बोलता, हे काय त्यांना ठाऊक नाही?"