पाचव्या नंबरचा डबा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या पेठेतल्या निम्म्या लोकांना पाढे शिकवलेले आदरणीय भाईदास सर. प्रमुख पाहुणे रुपचंदशेट, जे आमच्याच धंद्यातले, म्हणजे रीतसर आमचे स्पर्धक. व्यासपीठावर बसलेले माझे वडील सुभाषचंदजी. सत्कारमूर्ती बेबाबाई, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या अक्का. आणि आज पहिल्यांदाच हातात डबा न घेता आलेल्या माझ्या ग्राहक बंधू-भगिनींनो,

मला भाषणाची सवय नाही. गिरणीवाल्याला ओरडायची सवय असते, कारण पट्टा फिरत असताना दुसरं काही ऐकूच येत नाही. तेव्हा मध्येच आवाज चढला तर जिनेश चिडला असं कुणी समजू नये.

आमच्या गिरणीत नवीन आलेलं माणूस हमखास एक प्रश्न विचारतं. भिंतीवर लाल आकड्यांची पाटी आहे, त्या पाटीवर चारनंतर एकदम सहा येतो. मग पाच नंबर गेला कुठे? आज त्याचं उत्तर द्यायचं ठरवून आलोय. आठ वर्षं टाळलं, आता अक्का निघाल्यावर कोणाला सांगणार?

तेहेतीस वर्षं अक्का रोज सकाळच्या बसने असोद्याहून आमच्या गिरणीत कामाला आल्या. त्या यायच्या आत दारात डबे लागलेले असायचे. आपल्याकडे माणूस रांगेत थांबत नाही, डबा थांबतो. उन्हाळ्यात ऐंशी-नव्वद डबे. कोणता कोणाचा, आत काय, जाड दळायचं की बारीक, हे सगळं अक्कांच्या डोक्यात. आणि रांग लावायची ती नुसती आधी कोण आलं ते बघून नाही. गव्हामागे ज्वारी चालते, ज्वारीमागे गहू चालत नाही. आमच्या जैनांच्या आयंबिल व्रताचं पीठ दगड झाडून, सगळ्यांच्या आधी. हे त्या कधी जुळवायच्या ते दिसायचंसुद्धा नाही. मी बघत राहायचो. आजही मला ते पुरतं उमगलेलं नाही.

पण तेव्हा मी पुण्याहून पदवी घेऊन आलो होतो. पदवी म्हटल्यावर काहीतरी बसवायलाच हवं, म्हणून टोकनचं मशीन बसवलं. पहिल्याच आठवड्यात चौदा नंबरला कळणा आला, उडीद घातलेली ज्वारी, आणि पंधरा नंबरला साखरपुड्याच्या मांड्यांचा गहू. मशीनला काय त्याचं, चौदानंतर पंधरा. खापरावर ते मांडे कसे निघाले, ते त्या घरच्यांनाच विचारा. तिसऱ्या रांगेत बसलेत आणि अजूनही माझ्याकडे तसेच बघताहेत.

तरी माझा हेका सुटला नाही. मी डबे आणि टोकनं ताडून बघायला लागलो. तेव्हा लक्षात आलं, रांगेत पाचवा एक पितळी डबा रोज असतो. टोकन नाही, मालक नाही. उघडला, तर रिकामा.

मला वाटलं, सापडला वशिला. नात्यागोत्यातल्यांसाठी जागा धरून ठेवतात. मी तो डबा उचलला आणि भरल्या गिरणीत विचारलं, "अक्का, कोणत्या पाहुण्याची जागा आहे ही?"

अक्का म्हणाल्या, "ज्याले थांबता येनार नही, त्याची. तो अजून आला नही, जिनेशभाऊ."

लोक हसले. मीही हसलो. आणि म्हणालो, "माझ्या गिरणीत लबाडी चालणार नाही." लबाडी, हाच शब्द वापरला. तेव्हा हजर असलेले बरेच जण आज या हॉलमध्ये आहेत. अक्कांनी डबा पिशवीत घातला आणि पीठ चाळायला लागल्या.

त्याच दिवशी दहाच्या सुमाराला केळीच्या गाड्या भरणारा वना आला. फडक्यात दोन किलो ज्वारी. त्याला मशीनने एक्केचाळीस नंबर दिला. घरात पीठ नव्हतं, बायको आठ दिवसांची बाळंतीण. यातलं तो काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "माले गाडीवर जावानं शे, भाऊ." मी पाटीकडे बोट दाखवलं. तो गुपचूप बाहेर पडला.

दुपारी या रुपचंदशेटचा फोन आला. म्हणाले, "जिनेश, तुझ्या अक्का माझ्याकडे रांगेत उभ्या आहेत, बाराव्या. तुमची गिरणी बंद पडली का?"

आपल्या जेवणाच्या सुट्टीत, एप्रिलच्या जळगावच्या उन्हात, परक्या गिरणीत, वनाला बाहेर गाठून मागून घेतलेली त्याची ज्वारी घेऊन. रुपचंदशेट पुढे घेत होते, तर म्हणाल्या, "इठी माझा डबा सकाळपासून उभा नव्हता ना." पीठ वनाच्या घरी पोचवून त्या वेळेवर कामाला परत आल्या.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. तो रिकामा डबा सकाळपासून रांगेत उभा असायचा. जो अजून आलेला नाही, त्याच्या वतीने. दिवसातून एकच माणूस त्या जागी जायचा, म्हणून तेहेतीस वर्षांत कुणाची कुरकुर नाही. मी एकदा विचारलं, तो एक ओळखता कसा? म्हणाल्या, "जो घाई हाये म्हनून आरडतो, त्याले नसते. ज्याले असते तो दाराशीच उभा राह्यतो." मंडळी, मी तीन वर्षं पुण्यात काय शिकलो ते यापुढे मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मी तो डबा अक्कांकडून मागून परत पाचव्या जागी लावला, मशीनमधून पाच नंबरचं टोकन काढलं आणि त्यात टाकलं. रोज टाकतो. पण तोंडाने काही बोललो नाही. अक्कांचे गुडघे आता बस चढू देत नाहीत, म्हणून आज हा निरोप. शाल त्यांनी घेतली, डबा मात्र घेतला नाही. म्हणाल्या, "तो माझा नही."

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, फोन केल्याबद्दल रुपचंदशेटचे, आणि घरी पीठ संपलं असतानाही इथे बसलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. पण भरल्या गिरणीत उच्चारलेला तो शब्द सभागृहाने पोटात घालायचा नाही. लबाडी नव्हती, अक्का. चूक माझी होती, तिची माफी तुमच्याकडेच मागायची आहे. आत्ताच द्या असं म्हणत नाही. तुमच्या सवडीने द्या.

मी इथे दाराशी उभा आहे.